डोळ्याच्या फेरफाराची नोंद कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला चष्मा घालवणाऱ्या लेझर शस्त्रक्रियांवरचा लेख वाचला. वाचला म्हणजे धाकट्या मुलीने मोठ्याने वाचला आणि मी ऐकला. का, ते पुढे येईल. लेख चांगला आहे. लॅसिक, पीआरके आणि स्माईल या तीन पद्धतींतला फरक कोणालाही कळेल असा सांगितला आहे. किती मिनिटं लागतात, डोक्यावरून अंघोळ कधी करायची, कामावर कधी जायचं, सगळं आहे. चोवीस वर्षांनी काय होतं, तेवढंच नाही. ते सांगायला हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधले आकडे कृपा करून ठेवा. आयुष्यभर आकड्यांवर जगलेला माणूस आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. सातारा-सांगलीकडच्या तालुक्यांत चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झालो. चष्मा चौथीत लागला. फळ्यावरचं गणित शेजारच्याच्या वहीतून उतरवतो म्हणून गुरुजींनी कान पिळला, तेव्हा घरी कळलं की पोराला फळाच दिसत नाही. कॉलेज संपेपर्यंत उजवा डोळा मायनस साडेसहा आणि डावा मायनस सहावर गेला. सोडाबाटलीच्या बुडासारखी भिंगं. गावात मला नावाने कमी आणि ‘ढापण्या’ म्हणून जास्त ओळखत.

मोजणीच्या कामात चष्मा किती छळतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. एप्रिलचं ऊन, फलकावर वाकून निशाण धरायचं, नाकावरून घाम आणि घामावरून चष्मा घसरतोय. एकदा कराडजवळ उसाच्या फडात पाय अडकून पडलो आणि चष्मा पाचटात गेला. ज्या दोन भावांच्या बांधाची मोजणी होती ते सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते दोघंही गुडघ्यांवर बसून माझा चष्मा शोधू लागले. मी मध्ये उभा, मला दोघांचे चेहरेही दिसत नव्हते. चष्मा सापडला, बांध मात्र त्या दिवशी सापडला नाही.

तर २००१ साली, पस्तिसाव्या वर्षी, पुण्याला जाऊन लॅसिक करून घेतलं. दोन्ही डोळ्यांचे मिळून चाळीस हजार रुपये. पतसंस्थेतून कर्ज काढलं, बायकोने सहा महिने तोंड फिरवलं. थेंब टाकून डोळा बधिर केला. मग एक कडी डोळ्यावर दाबून बसवली, तशी नजर काळी पडत गेली आणि पुन्हा उजळली. एका यंत्राच्या पात्याने बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापून दाराच्या झडपेसारखा बाजूला केला होता. “लाल दिव्याकडे बघत राहा,” डॉक्टर म्हणाले. टकटक आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. घाबरून विचारलं तर म्हणाले, जळत काही नाही, हा थंड लेझर आहे, रेणूंचे बंध तुटून पेशीजाल उडून जातं. पापुद्रा जागेवर बसवला. टाका नाही, पट्टी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली, अगदी ‘प्रो. प्रा.’ सकट. नंतर कितीतरी दिवस झोपताना हात सवयीने चष्मा काढायला कानाकडे जायचा.

हे आधीच लिहितो, कारण मी लॅसिकच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. वीस वर्षं मी बिनचष्म्याने ऊन-पावसात फिरलो. खंबाटकी घाटात रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती कडी दिसायची, ती कायम राहिली. पहिलं वर्षभर डोळे कोरडे पडून खुपायचे, कारण पापुद्रा कापताना त्यातल्या बारीक नसाही कापल्या जातात आणि त्या पुन्हा वाढायला वेळ घेतात. त्रेचाळिसाव्या वर्षी वाचायचा चष्मा लागला. तो सगळ्यांनाच लागतो, लॅसिकने टळत नाही. ‘चष्म्याला कायमचा रामराम’ अशी जाहिरात करणारे हे बारीक अक्षरातही छापत नाहीत. पण तक्रार ती नाही.

निवृत्तीनंतर उजव्या डोळ्याने धुकं दिसायला लागलं. मोतीबिंदू. लॅसिकमुळे मोतीबिंदू होत नाही, हे मला नंतर एका डॉक्टरांनी दोनदा बजावून सांगितलं. जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक अर्धी माझी आहे. तिथे फॉर्म भरून घेतला. मधुमेह आहे का? नाही. रक्तदाब? गोळी चालू आहे. पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालंय का? मी म्हणालो, “नाही.”

खोटं बोललो नाही. माझ्या डोक्यात ऑपरेशन म्हणजे हिरवा डगला, टाके, पट्टी आणि आठ दिवस काळा चष्मा. माझ्या आईचं झालं होतं ते ऑपरेशन. मी तर ‘लेझर’ केलं होतं! तेही तेवीस वर्षांपूर्वी, आणि इतकं चांगलं झालं होतं की मला चष्मा होता हेच विसरून गेलो होतो.

मोतीबिंदू काढला, आत कृत्रिम भिंग बसवलं. ऑपरेशन स्वच्छ झालं, पण नजर लागेना. दूरचंही पुसट, जवळचंही पुसट. तपासणीत निघालं प्लस दीड. आयुष्यभर मायनसमध्ये काढलेला माणूस पहिल्यांदा प्लसमध्ये आलो. बँकेत असं झालं असतं तर आनंद झाला असता.

डाव्या डोळ्यासाठी मुलीने हट्टाने दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी यंत्रावरचे आकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि फॉर्म बाजूला सारून विचारलं, “काका, तरुणपणी चष्म्याचा नंबर घालवला होता का?” बुबुळाच्या बाहेरच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, बाक मोजतात. साधारण माणसाचा तो ४३ डायॉप्टरच्या आसपास येतो (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात तेच हे एकक). माझा ३८ होता. पहिल्या ठिकाणीही यंत्राने ३८च दाखवला असणार. तिथे कोणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती, एवढंच म्हणतो.

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. हे मला चटकन कळलं, कारण माझ्याच धंद्यातलं निघालं.

डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली दोन तृतीयांश एकट्या कॉर्नियाची, आतल्या भिंगाची नव्हे. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास. ज्याला लांबचं दिसत नाही त्याचा डोळा बहुधा मागेपुढे लांब असतो. माझा २६.४ मिलिमीटर निघाला, तर इतरांचा २३-२४ असतो. त्यामुळे प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. लेझर डोळ्याची लांबी कमी करत नाही. तो कॉर्नियाचा मधला भाग किंचित तासून सपाट करतो, मग प्रतिमा मागे सरकून पडद्यावर जाते. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग तासायचा तर एका नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन. माझ्या साडेसहाला ७८ मायक्रॉन गेले. आपण झेरॉक्सला वापरतो त्या कागदाचं पान साधारण १०० मायक्रॉन जाड असतं. म्हणजे पानाच्या जाडीपेक्षाही कमी कापून माझं ढापण्या हे नाव गेलं!

पापुद्रा वेगळा धरावा लागतो. त्या काळच्या पात्याने तो १६० मायक्रॉनचा निघायचा. पापुद्रा आणि तासलेला भाग सोडून खाली किमान २५० मायक्रॉन जाडी उरलीच पाहिजे, नाहीतर डोळ्यातल्या दाबाने कॉर्निया पुढे फुगत जातो. पातळ कॉर्नियाच्या माणसाला डॉक्टर परत पाठवतात ते यासाठी, आणि जे पाठवतात त्यांचे आभार मानावेत. भांडू नये.

आता मोतीबिंदूचं. कोणाच्या डोळ्यात किती ताकदीचं भिंग बसवायचं ते डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक या दोन मापांवरून गणिताने काढतात. बाक मोजणारं साधं यंत्र कॉर्नियाची फक्त पुढची बाजू मोजतं. मागची बाजू ठरावीक प्रमाणात असणारच असं धरून एकूण ताकद सांगतं. निसर्गाने केलेल्या कॉर्नियाला ते प्रमाण लागू पडतं. लेझरने पुढची बाजू सपाट झालेली, मागची होती तशीच. प्रमाण मोडलं. पूर्वेचा बांध मोजायचा आणि पश्चिमेचा तेवढाच असेल असं धरून क्षेत्र काढायचं, त्यातला हा प्रकार. दुसरी गोम अशी की आतलं भिंग किती खोलवर जाऊन बसेल, हा अंदाजही बरीचशी जुनी सूत्रं त्याच बाकावरून बांधतात. सपाट कॉर्निया दिसला की त्यांना वाटतं भिंग पुढे बसणार. दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत. दोन्ही एकाच दिशेला जातात, हवं त्यापेक्षा कमी ताकदीचं भिंग निघतं आणि माणूस प्लसमध्ये जातो.

आमच्याकडे पूर्वी ३३ फुटांची साखळी असायची, सोळा आण्यांची. वापरून वापरून कड्या झिजल्या की साखळी लांबायची, आणि लांब साखळीने मोजलं की जमीन कमी भरायची. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी साखळी तपासायची, ही पहिली शिकवण. माझ्या डोळ्यावर लांबलेली साखळी टाकली गेली आणि ती लांबलेली आहे हे सांगायचं काम माझं होतं.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आता नवी सूत्रं आहेत. लॅसिक झालेल्या डोळ्यांसाठीच बनवलेली, त्यातली काही तर जुने आकडे नसले तरी चालणारी. कॉर्नियाच्या दोन्ही बाजू मोजणारी यंत्रंही आहेत. तरीपण लॅसिकच्या आधीचा कॉर्नियाचा बाक, आधीचा नंबर आणि नंतर स्थिरावलेला नंबर मिळाला तर पडताळा घेता येईल. “जुनी फाइल असेल तर आणा.”

जुनी फाइल! ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांना ‘जुने कागद आणा’ सांगितलं, त्याला हे ऐकावं लागलं.

घरातली ट्रंक उपसली. २००१ सालचं पाकीट सापडलं. त्यात पावती होती, डोळ्यात टाकायच्या थेंबांची चिठ्ठी होती, शुभेच्छा कार्डही होतं. आणि मापांची एकच बारकी पट्टी होती, एसटीच्या तिकिटासारख्या गुळगुळीत कागदावर छापलेली. पांढरीफटक. त्या कागदावरची छपाई काही वर्षांत आपोआप उडते म्हणे. खिडकीपाशी तिरकी धरून पाहिली, मुलीने मोबाइलवर फोटो काढून गडद करून पाहिली. एक ४ दिसल्यासारखा वाटला. तो ४३ मधला होता, की ४ तारखेतला, देव जाणे.

पुण्याला गेलो. इमारत होती, पण पाटी वेगळी होती. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पाणी दिलं तिने. म्हणाली, “काका, आमच्याकडे आधीच्या मालकांचं काहीच नाही. सॉफ्टवेअरसुद्धा दोनदा बदललंय.” ज्या डॉक्टरांनी केलं ते परदेशी गेल्याचं कळलं. मी तिच्यावर रागावलो नाही. रागावणार कशाच्या जोरावर? घरी येऊन नियम शोधला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या. रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. तीन वर्षं! आणि लॅसिकचा रुग्ण मुळात दाखलच होत नाही, दुपारच्या गाडीने घरी जातो.

इथे माझ्या मनात जी तुलना आली ती वाचकांना गमतीची वाटेल, पण मी ती गमतीने करत नाही. कोणाची अर्धा गुंठा जमीन रस्त्यात गेली तर किती कागद होतात? गाव नमुना सहाला फेरफाराची नोंद, सातबाऱ्यावर तिचा नंबर, क्षेत्र बदललं म्हणून कमी-जास्त पत्रक, नकाशावर दुरुस्ती. विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६ साली इंदापुरात जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यातून पुढे निघालेली मोजणीची टिपणं मी हाताळली आहेत. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण साखळी-आण्यांतले आकडे स्वच्छ. ‘अ’ वर्गाचे अभिलेख, जतन कायम. पणजोबाच्या वेळच्या बांधाचं भांडण आज त्या कागदावर सुटतं. आणि माझ्या देहातला सगळ्यात मोलाचा तुकडा मुद्दाम कमी केला, चाळीस हजार देऊन केला, त्याच्या कमी-जास्त पत्रकाचा पत्ता नाही.

कोणी म्हणेल, एवढी वर्षं लोटल्यावर कोण विचारतो. याच कामाचा इतिहास पाहा. जपानमध्ये सातो नावाच्या डॉक्टरांनी १९३०-४० च्या दशकांत चष्मा घालवण्यासाठी कॉर्नियाला आतल्या बाजूनेही चिरा दिल्या. नजर सुधारली, लोक खूश झाले. त्या आतल्या थरावरच कॉर्नियाची पारदर्शकता टिकते, हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हतं. वीस-वीस वर्षांनी ते कॉर्निया सुजून पांढरे पडू लागले. पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोत फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्याकडे रुग्ण कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकत यायचे आणि प्रत्येक डॉक्टर आपापली एकच पायरी करायचा. ती पद्धत अमेरिकेत गेली. तिथे त्या रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की ४३ टक्के डोळे एक नंबर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले होते. दहा वर्षांनी मोजलं म्हणून दिसलं.

लेझर त्याहून कितीतरी अचूक आहे. त्याच्या मुळाशी आपल्याकडचाच एक माणूस आहे. मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत ते आणि त्यांचे दोन सहकारी एक्सायमर लेझरवर काम करत होते. १९८१ साली सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो मारून पाहिला, तर भोवतालचं काही न करपता सुबक खाच पडली. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या लेझरने चष्मा घालवायला पहिली परवानगी दिली. सांगायचा मुद्दा, ही सगळी विद्याच माझ्या मोठ्या मुलीच्या वयाची आहे. पहिल्या लाटेत पंचविशी-तिशीत लॅसिक केलेले लोक आत्ता कुठे पन्नाशी-साठीत येताहेत. मोतीबिंदूच्या रांगेत मी पहिल्यांतला असेन. मागे मोठी रांग आहे आणि तिच्यातल्या पुष्कळांना आपण रांगेत आहोत हे ठाऊक नाही. नव्वदीच्या शेवटी-शेवटी ‘मुलीला चष्मा आहे का’ हा प्रश्न कांदेपोह्यांच्या आधी यायचा, म्हणून लग्नाआधी गुपचूप पुण्या-मुंबईला जाऊन लेझर करून आलेल्या मुली माझ्या नात्यातच तीन आहेत. सासरी आजही माहीत नाही. त्या उद्या मोतीबिंदूच्या फॉर्मवर काय लिहिणार?

भिंगाचं तर झालंच. आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी सांगितल्या त्या मला कोणी कधी सांगितल्या नव्हत्या. माझ्या आईला काचबिंदू होता. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात तो कॉर्नियावर दाबून. कॉर्निया तासून पातळ झालेला असेल तर दाब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे वीस वर्षं मी ‘दाब नॉर्मल’ ऐकून निश्चिंत होतो, ते कितपत खरं होतं कोणास ठाऊक. आता वेगळ्या तपासण्या करून घेतल्या, सुदैवाने ठीक निघालं. दुसरं म्हणजे लांब डोळा लांबच राहतो. नंबर गेला तरी मागचा पडदा ताणलेलाच असतो, त्याला भोक पडण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका मायनस साडेसहावाल्याचाच राहतो. डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायला हवा होता दरवर्षी. मी ‘माझा चष्मा गेला’ म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणंच सोडलं होतं.

(नेत्रदानाचा फॉर्म भरला आहे, त्याबद्दलही विचारलं. असा कॉर्निया सबंध रोपणाला घेत नाहीत, पण त्याचा आतला थर दुसऱ्याला उपयोगी पडू शकतो. तेव्हा फॉर्म रद्द करायचं कारण नाही. नेत्रपेढीला मात्र कळलं पाहिजे, आणि ते सांगायला मी नसेन.)

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. लॅसिक, पीआरके, स्माईल, काहीही करा, रुग्णाला घरी सोडताना हातात एक कार्ड द्या. आधीचा नंबर, दोन्ही डोळ्यांच्या कॉर्नियाचे बाक, जाडी, पापुद्रा किती, किती मायक्रॉन काढले, डोळ्याची लांबी, आणि तीन-सहा महिन्यांनी नंबर स्थिरावला की तो. साध्या कागदावर, शाईने. एवढं पोस्टकार्डावर मावतं. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेने असं ‘के-कार्ड’ (के म्हणजे कॉर्नियाच्या बाकाचं माप) केलेलं आहे, म्हणजे कल्पना माझी नाही. जे दवाखाने देतात त्यांना माझा नमस्कार, पण ते डॉक्टरच्या मर्जीवर नसावं. शस्त्रक्रियेच्या बिलासोबत पावती द्यावी लागते, तसं हे द्यावं लागावं.

आणि मोतीबिंदूच्या फॉर्मवरचा प्रश्न बदला. विशेषतः शिबिरांत, जिथे एका सकाळी शंभर लोकांची मापं घेतली जातात. ‘पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालंय का’ याला माझ्यासारखे लोक नाही म्हणतील, प्रामाणिकपणे म्हणतील. ‘चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी कधी लेझर केलं आहे का’ असं विचारा. शाईशिवाय खर्च नाही.

हे पत्र आत्ताच लिहायला कारण घडलं. धाकटी बावीस वर्षांची आहे, नंबर मायनस साडेचार, दीड वर्ष हललेला नाही. तिला स्माईल करायचं आहे. त्यात पापुद्राच कापत नाहीत, आतल्या आत लेझरने भिंगाच्या आकाराची चकती कापून बारीक चिरेतून ओढून काढतात. तिच्या आईने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “ह्यांचं बघ काय झालं.” तर म्हणाली, “बाबांचं ऑपरेशन नाही बिघडलं, कागद हरवले.” वकिली तिने आजोबांकडून घेतली आहे. मी परवानगी दिली. तपासणीसाठी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितल्या आहेत, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि माप चुकतं. हे ऐकून मला बरं वाटलं. साखळी तपासणारी माणसं दिसताहेत. पहिली तपासणी झाली त्याच दिवशी तिला झेरॉक्सच्या दुकानात पिटाळलं आणि त्या गुळगुळीत पट्ट्यांच्या साध्या कागदावर दोन-दोन प्रती काढून घेतल्या. एक संच तिच्याकडे, एक आमच्या ट्रंकेत, शेताच्या खरेदीखताच्या पिशवीत.

माझ्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. तीन सूत्रांनी तीन आकडे दिले होते: साडेसतरा, साडेअठरा, एकोणीस. उजव्या डोळ्यात साडेसोळाचं बसवलं होतं आणि प्लस दीड आलं, हे डॉक्टरांनी गणितात घेतलं. म्हणाले, तुमची जुनी फाइल नाही, पण उजव्या डोळ्याची चूक हाच आता आपल्याकडचा सगळ्यात खात्रीचा कागद. थोडा मायनस राहिला तरी चालेल, प्लस नको, असं दोघांचं ठरलं. साडेअठराचं भिंग मागवलं आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
कराड, जि. सातारा